बिनटॅगची शाल

वाचनालयातल्या बाईंच्या शालीचा टॅग तिनं पिनेसकट काढला आणि मुठीत चुरगळला. लाँड्रीच्या मागच्या खोलीत यंत्र घरघरत होतं. नवरा इस्त्रीपाशी पाठमोरा उभा होता. त्याला काही कळलं नाही.

बाईंचं आणि त्याचं काही होतं, असं तीसुद्धा शपथेवर म्हणाली नसती. बाई यायच्या, कपडे टाकायच्या, पावती घेऊन जायच्या. पण त्या आल्या की हा हातातली इस्त्री उभी करून काउंटरवर यायचा. सगळ्या गिऱ्हाइकांचे कपडे कारागिराकडे, बाईंचे तेवढे स्वतःकडे. विचारलं तर म्हणायचा, नाजूक माल आहे. ते ऐकलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शाल सापडू नये, बाईंनी याला चार शब्द सुनावावेत आणि दुसरी लाँड्री धरावी, एवढंच तिला हवं होतं. टॅग गळालेल्या कपड्यांचा एक ढीग कोपऱ्यात असायचा. तिनं शाल त्यात पार तळाशी खुपसली.

संध्याकाळी नवरा तो ढीग निवडायला बसला. या कामाचा त्याला कंटाळा. पावत्या उलटसुलट करायचा, दर कपड्याला तिला हाक मारायचा. शाल हाती आली तेव्हा मात्र त्यानं पावत्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ही बाईंची," तो म्हणाला आणि नवा टॅग मागितला.

"कशावरून?"

"कशावरून काय? बघितली की कळतं."

तिनं टॅग लिहून दिला. पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.

दुसऱ्या दिवशी तिनं घरून स्वतःचा निळा स्वेटर आणला. सगळी थंडी तो अंगात घालून ती त्याच्यासमोर काउंटरवर बसली होती. इतरांच्या कपड्यांबरोबर तोही धुऊन निघाला. टॅग न लावता तिनं तो ढिगावर टाकला आणि हँगर पुसत तिथंच घोटाळत राहिली.

त्यानं स्वेटर उचलला. गळा पाहिला, बाह्या उलट्या करून पाहिल्या, मग दिव्याखाली धरला.

"हा कोणाचा गं?"

तिनं पुढचा हँगर पुसायला घेतला. त्यानं स्वेटरची घडी घालून तिच्या हातात दिली.

"वर फळीवर टाक," तो म्हणाला. "कोणी विचारत आलं तर बघू."