वायरची गाडी

सांगून कोणाचा विश्वास बसणार नाही, पण केशवची इलेक्ट्रिक दुचाकी गाडी रोज संध्याकाळी महाल भागातल्या एकाच दारापुढं मान टाकायची. अलीकडं नाही, पलीकडं नाही. थेट थोरल्या बहिणीच्या, यमुताईच्या उंबऱ्याशी. आजही टाकली. केशव चार्जरची वायर घेऊन उतरला आणि दारातच थबकला. आत ताईचं शिलाई मशीन पोत्यात घातलेलं होतं.

"हे काय वं ताई?"

"घरमालकानं जागा विकली. उद्या सकाळच्या बसनं चालली मी काटोलले, तुळसाबाईकडं."

तुळसाबाई म्हणजे दोघांची दूरची आतेबहीण. तिच्या घरात तिचीच माणसं दाटीवाटीनं राहतात. केशवला हे माहीत होतं. यमुताईलाही.

आता ही गाडीच मुळात कशी घेतली ते ऐका. दुकानात दोन गाड्या समोर होत्या. एकीची बॅटरी डब्यासारखी बाहेर निघायची. हातात धरून घरी न्यावी, रात्रभर लावून ठेवावी. दुसरीची बॅटरी तिच्या पोटातच. गाडी उभी असेल तिथं तिला वायर लावायची. केशव राहायला लांब बेसा वस्तीत, तिसऱ्या मजल्यावर. नोकरी गांधीबागेत, कापडाच्या पेढीवर. विकणारी मुलगी म्हणाली, "काका, तुमच्यासाठी डब्यावाली. डोळे मिटून घ्या." केशवनं डोळे उघडे ठेवून वायरवाली घेतली.

बायको भावना कपाळ धरून बसली. "तिसऱ्या माळ्यावरून वायर सोडता का आता, विहिरीत बादली सोडल्यासारखी?"

"खाली पार्किंगमध्ये कुठंतरी लावू," केशव म्हणाला.

आणि दुसऱ्याच संध्याकाळी पेढीवरून निघून चार गल्ल्या ओलांडल्या नाहीत, तोच गाडी महालात आडवी. "ताई, जरासा करंट पाहिजे होता." यमुताईनं मशीन थांबवलं नाही. हनुवटीनं दाराशेजारचा बोर्ड दाखवला. केशवच्या नव्या घराच्या वास्तुशांतीपासून ती त्याच्याशी बोलत नव्हती.

आईबाप लवकर गेले. ताईनं परकर शिवशिवून त्याला बी.कॉम. केलं. त्या शिवणीत तिचं स्वतःचं लग्न कुठंतरी मागं राहून गेलं. केशवनं फ्लॅट घेतला, वास्तू केली. पेढीचे मालक भैय्याजी आले. अक्षतांचं तबक घेऊन फिरणाऱ्या, साध्या सुती लुगड्यातल्या बाईकडं बघून त्यांनी सहज विचारलं, "ह्या कोण?" केशवच्या जिभेला काय झालं कोण जाणे. "शिवणवाली बाई आहे," तो म्हणाला. "आमच्याकडचं शिवून देते."

ताई मागंच उभी होती. तिनं तबक खाली ठेवलं, चप्पल शोधली आणि न जेवता निघून गेली. त्यानंतरच्या भाऊबिजेला केशव महालाच्या तोंडापर्यंत येऊन परत फिरला होता.

म्हणायचं होतं ते एवढंसं होतं. ताई, चुकलं माझं. रोज संध्याकाळी केशव बोर्डात पिन खोचायचा, बोर्डाकडं पाठ करून पायरीवर बसायचा आणि मनात तेच घोळवत राहायचा. ते घशापर्यंत यायचंही. पण तोंड उघडलं की आतून म्हैस बाहेर पडायची.

"सक्करदऱ्याच्या चौकात सकाळी एक म्हैस गाडीले टेकून उभी राहिली ना वं ताई. अंगानंच सारा करंट ओढून घेतला तिनं. आता मालक सांगते, दूध तापवाचं काम नाही. गरमच निघते."

मशीन चालूच.

दुसऱ्या दिवशी संत्र्यांचा ट्रक. काटोलहून आलेला, भर रस्त्यात बंद पडलेला. केशवच्या गाडीनं दोर लावून तो ओढत नेला म्हणे. ड्रायव्हर रडला, म्हणे. क्लीनर पाया पडला, गाडीच्या. यमुताईनं दातानं दोरा तोडला. ओठाचा कोपरा हलला की नाही, ते केशवला नक्की सांगता आलं नसतं. पण त्या कोपऱ्यासाठी तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. पावसाळा गेला, थंडी आली. गोष्टी मोठ्या होत गेल्या. खरी गोष्ट जिथल्या तिथं राहिली.

आज मात्र उद्या नव्हता.

केशवनं पिन खोचली. पायरीवर बसला. खोलीत खुंट्या रिकाम्या होत्या. कापडाच्या चिंध्या झाडून कोपऱ्यात लावल्या होत्या. ताई पोत्याचं तोंड सुतळीनं शिवत होती. नजर अधू झाल्यामुळं दाभण दोनदा चुकलं. आता बोलायचंच, त्यानं ठरवलं. ताई, चुकलं माझं. काटोलले नको जाऊ. माह्या घरी चाल. त्यानं तोंड उघडलं.

"आज तर कमालच झाली वं ताई. भैय्याजी म्हणे, मले सोडून दे घरी. बसले मागं. त्यांचं वजन तुले मालूमच आहे. बॅटरी जागेवर खल्लास! मग काय सांगू, धोतर खोचून भैय्याजीच गाडी ढकलत आले इथपर्यंत. म्हणाले, केशव, तुह्या ताईचं दार आलं, आता थांबतो..."

त्याचा आवाज मध्येच चिरकला. तरी तो हसला.

यमुताईनं सुतळीला गाठ मारली. गाठ ओढून पाहिली. मग पहिल्यांदाच सरळ त्याच्याकडं बघितलं.

"केशव, या बोर्डाची तार मी पहिल्याच आठवड्यात काढून टाकली गा," ती म्हणाली. "मग रोज भरते काय तुह्या गाडीत?"