शुभेच्छांचं फूल

परीक्षा विभागवाल्यांनो, तुम्हीच तिच्या पुढ्यातलं पेपरचं पान झाकलंत आणि वर तिच्याच नावाने बोंब मारलीत.

ती खुर्चीवरून हललीसुद्धा नव्हती. इस्पितळातली आया. नर्सिंगच्या प्रवेशाचा पेपर घरूनच, भावजयीच्या लॅपटॉपवर. तुमचा नियम एकच : पेपरचं पान सतत समोर हवं, दुसऱ्या पानावर गेलात की पेपर रद्द. वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची खेप. सासूबाई दाराबाहेर स्टूल टाकून राखण करत होत्या. जिन्यात कुणी खोकलं तरी डोळे वटारायच्या.

निम्मा पेपर झाला होता. तेवढ्यात त्याच्यावर दुसरंच पान येऊन बसलं. ‘परीक्षा विभागातर्फे हार्दिक शुभेच्छा. शांत राहा.’ मध्ये एक गुलाबी फूल, खाली ‘ठीक आहे’चं बटण. तिने ते दाबलं.

मागे पेपर नव्हता. लाल अक्षरं होती. ‘तुम्ही परीक्षेचं पान सोडलंत. पेपर रद्द.’

तिने ती दोनदा वाचली. रडू आलं नाही. हात तसाच माऊसवर राहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मग तिने मदतीच्या नंबरावर फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“ताई, पान समोर नव्हतं. इथे स्पष्ट दिसतंय.”

“साहेब, वर आलेलं पान तुमचंच होतं. त्यावर फूल होतं.”

“कुणाचं होतं ते मशीन बघत नाही. पेपर समोर आहे की नाही, एवढंच बघतं.”

“मी समोर होते ना.”

“तुमचं नाही हो, पानाचं बोलतोय मी.”

आवाज ऐकून सासूबाईंनी दार लोटलं. “झाला एवढ्यात? का त्या वरच्या मजल्यावालीने भांडी आपटली? थांब, तिच्याकडे बघतेच.”

“नाही आई. पेपर रद्द झाला. त्यांनीच मध्ये फूल पाठवलं.”

सासूबाईंनी लाल अक्षरांकडे पाहिलं, मग सुनेकडे. ती भिंतीकडे बघत होती.

“आणखी काही मदत हवी आहे का?” फोनमधला विचारत होता.

सासूबाईंनी फोन उचलला. उलटा धरला, मग सुलटा केला.

“हवी आहे. सकाळपासून मी दारात बसलेय. माशीसुद्धा आत सोडली नाही. तुमचं फूल आत कुणी आणलं, ते सांग आधी.”