भर लोडवर

भैयाजींनी मेन स्विचवर हात ठेवला तसा भूपेंद्र खुर्चीतून उठलाच. "असं बंद नाही करत, भैयाजी. आधी कंप्युटरले सांगावं लागते."

"लाइट जाते तेव्हा कोणाले सांगून जाते?" भैयाजी म्हणाले.

मोहाडीच्या या राइस मिलमध्ये मालकाचा, म्हणजे भैयाजींचा, एकच नियम होता. नवी मोटर असो की पंखा, भर लोडवर, म्हणजे पूर्ण काम चालू असताना, बंद करून पाहायची. नीट उठली तर घ्यायची, नाहीतर परत. मिलचा जुना कंप्युटर थकला होता, म्हणून टेबलावर आता दोन नवे होते आणि नियम त्यांनाही लागू होता. आठ दिवस दोन्हींवर एकच काम चाललं होतं : कोणाचं धान कोणत्या खेपेत गेलं याची नोंद. गंमत नाही ही. इकडच्या माणसाला आपल्याच धानाचा तांदूळ लागतो. शेजाऱ्याचा दिला, मग तो दुप्पट चांगला का असेना, घरी नेणार नाही.

कंप्युटर चालवणारी मूळ प्रणाली तेवढी वेगळी. एकावर भूपेंद्रच्या नागपूरच्या कंपनीचं लिनक्स होतं. दरवर्षी पैसे भरायचे, त्याबदल्यात चोवीस तास उचलला जाणारा फोन. दुसऱ्यावर मिलमध्येच काम करणाऱ्या हर्षाचं फ्रीबीएसडी, फुकटातलं. दोन्ही युनिक्स नावाच्या जुन्या प्रणालीच्याच घरातली, चुलतभाऊ म्हणा. जुन्या कंप्युटरवरही हर्षानं हेच बसवलं होतं आणि चार वर्षं एकटीनं सांभाळलं होतं. पुढच्या महिन्यात लग्न होऊन ती रायपूरला जाणार होती. आपण बसवलेलं इथं राहावं, एवढंच तिला हवं होतं, आणि फार मनापासून हवं होतं.

"माझं आपोआप उठते," ती म्हणाली. "मी सुट्टीवर असली तरी उठते. मागच्या दिवाळीत पाहिलं ना तुम्ही?"

भैयाजींनी स्विच ओढला. पट्टे घरघरत थांबले. दहा आकडे मोजून त्यांनी तो पुन्हा वर केला.

भूपेंद्रचा कंप्युटर मिनिटभरात उठला. सगळ्या नोंदी जागच्या जागी. चांगलंच होतं ते, उगाच नावं का ठेवायची. हर्षाचा मात्र काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी विचारत थांबला. तिचा चेहरा उतरला. तिनं कीबोर्ड पुढे ओढला.

"तू नको," भैयाजी शांतपणे म्हणाले. "तू रायपूरले गेली असं समज. आता मी कोणाले फोन करू?"

हर्षानं हात मागे घेतले. भूपेंद्रनं आपलं कार्ड टेबलावर ठेवलं, तेही हळूच. माणूस वाईट नव्हता.

टोकनच्या खिडकीशी बसलेली ललिताबाई उठली. बाहेर रांगेला "थांबा जरासं" म्हणाली, पदराला हात पुसले आणि हर्षाच्या बाजूनं वाकून एंटर दाबलं. मग एका बोटानं शोधत शोधत पाच-सहा अक्षरं मारली. पडद्यावर ओळी धावायला लागल्या. त्या थांबल्यावर तिनं आणखी एक शब्द मारला. थोड्या वेळानं धानाच्या नोंदी दिसल्या, शेवटच्या खेपेपर्यंत.

"हे तुले कोणं शिकवलं?" भैयाजींनी विचारलं.

"कोणीच नाही. चार वर्षं झाले, हिच्या बाजूलेच बसून आहो. हे करतांनी हिले पाहिलं होतं." मग ललिताबाई हर्षाकडे वळली. "तू सुट्टीवर जात होती तेव्हा आपोआप उठते वाटलं का तुले?"

हर्षाला लाज वाटली, आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

भैयाजींनी कार्ड उचलून भूपेंद्रच्या हातात दिलं. "साहेब, तुमचं पहिल्या झटक्यात उठलं, मानलं. पण तुमचा फोन नागपुरात वाजते. ही बाई इथं बसते. हर्षाचंच राहू द्या."

भूपेंद्र कंप्युटरच्या वायरी गुंडाळू लागला. ललिताबाई खिडकीकडे परत निघाली. जाता जाता तिनं हर्षाच्या पाठीवर हात ठेवला.

"जाय आता तू, बेफिकीर."

हेच कोणीतरी म्हणावं म्हणून हर्षा आठ दिवस जिवाचं रान करत होती. ऐकलं, आपल्यावाचून आता इथं काही अडणार नाही हे कळलं, आणि तिला खुर्चीवरून उठवेना.