ताकदीची बाटली

"बाटलीवर बाटली पेस, आन् पोर्‍याले एक थेंब नही!"

सरलाबाई कॉटच्या पायथ्याशी उभ्या राहून बोलल्या, ते अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेलं. त्यांना तेच हवं होतं.

त्यांची धाकटी सून नूतन उशांना टेकून बसली होती. बाळंतपणानंतर तिच्या हृदयानं दगा दिला होता. आडवं झालं की जीव घुसमटायचा. डाव्या हातात सुई, सुईला नळी आणि नळीच्या वरच्या टोकाला उलटी टांगलेली बाटली. पंधरवडा होत आला तरी बाटली सुटली नव्हती. आता लिंबायत या कामगारवस्तीतल्या त्यांच्या गल्लीत सलाईन म्हणजे ताकद. यंत्रमागावर राबून थकलेला लूमवाला एक बाटली चढवून घेतो आणि सरळ पाळीवर जातो. मग इतकी ताकद जाते कुठे? बाईच खोटी, असा सरलाबाईंनी निकाल लावून टाकला होता, आणि त्या तयारीनंच सुरतेच्या या धर्मादाय दवाखान्यात आल्या होत्या. पिशवीत नारळ होता आणि खण होता.

थोरली सून छाया भिंतीशी उभी होती. तिच्या खांद्यावर नूतनचा मुलगा. छायाला तीन मुली, धाकटी अजून अंगावर पिणारी. तिच्या वाटचं दूध सध्या हा पीत होता.

"तुना हाते दे," सरलाबाईंनी नारळ पुढे केला. "छायानी वटीमा टाक पोर्‍याले. आजपाईन तीच त्यानी माय."

छायानं खांद्यावरचं पोर सावरलं. तिला मुलगा हवा होता, आणि हवा असल्याची लाजही वाटत होती.

राउंडवर आलेली गुजराती डॉक्टरीण मध्येच थांबली. "माजी, इसका दूध इसी दवाई ने सुखाया है," ती बाटलीकडे बोट दाखवत म्हणाली. "दिल को यही चला रही है, और दूध लानेवाला हार्मोन भी यही दबा रही है. इसका कोई दोष नहीं."

आपलंच अंग खोटं निघालं, असं इतके दिवस नूतनलाही वाटत होतं. तिनं पहिल्यांदा सासूच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं.

सरलाबाईंना लाज वाटली असती तर भांडण तिथेच मिटलं असतं.

"मंग बंद करी तं दूध ई का?" त्यांनी विचारलं.

"बंद करेंगे तो ये बचेगी नहीं," डॉक्टरीण म्हणाली आणि पुढच्या कॉटकडे वळली.

नळीवर थेंब कमीजास्त करायची एक छोटी चाकी असते. ती अंगठ्यानं फिरवली की सगळं बंद. सरलाबाईंनी ती पुरती बघून घेतली. मग सुनेच्या तोंडाजवळ वाकून, यावेळी अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "खरी माय व्हशी तं फिराव चाकी. नही तं पोर्‍या दे."

नूतननं उजव्या हाताची मूठ चाकीभोवती आवळली.

"चाकी बी मनी," ती म्हणाली. धाप लागली, थांबावं लागलं. "पोर्‍या बी मना."

पोरगं रडायला लागलं. रडणं ऐकून छायाचं पोलकं ओलं झालं. सरलाबाईंनी तिला बाहेर चलायची खूण केली.

"ताई, आठेच पाज," नूतन म्हणाली. "मना समोर."

छायानं एकदा सासूकडे पाहिलं आणि कॉटच्या कडेला टेकली. पदराखाली घेतल्याबरोबर पोरगं गप्प झालं. नूतननं सुई टोचलेला डावा हात पुढे केला आणि पदराबाहेर राहिलेला त्याचा पाय पकडला.

"सोड व," छाया कुजबुजली. "पाय लाल व्हयना त्याना."

नूतननं सोडला नाही. सरलाबाई नारळ घेऊन तशाच उभ्या होत्या; तो ठेवायला त्यांना जागा सापडत नव्हती. पोरगं घटाघटा पीत होतं. नूतन त्याच्याकडे बघतही नव्हती. ती बाटलीतून पडणारा थेंब बघत होती, आणि तिच्या दोन्ही मुठी आवळलेल्याच होत्या.