सासूबाईंचे पाय

मोटरची नवी शिलाई मशीन घरात आली त्याच दिवशी सासूबाईंची जुनी पायमशीन मी भंगारवाल्याच्या गाडीवर चढवली. चाळीस वर्षं त्यांनी तिच्यावर शिवलं होतं. पण दोन वर्षांपासून त्यांच्या पायांत जीवच नव्हता. मशीन ठेवायची तरी कुणासाठी?

"मला विचारायचंस तरी," एवढंच त्या खाटेवरून म्हणाल्या.

दुपारी चादरीखाली त्यांचे पाय हलायला लागले. टाच, चवडा, टाच, चवडा. पायडल मारल्यासारखे.

मला बघवेना. मी ते दाबून धरले. तेवढ्यात नव्या मशीनवर बसलेली नणंद ओरडली, "वहिनी, बंद पडली गं!"

मी हात काढले. सुई पुन्हा धावू लागली.

दुसऱ्या दिवशी वीज गेली, तरी सुई थांबली नाही. आम्ही दोघींनी शाळेच्या दोनशे गणवेशांची ऑर्डर घेतली.

सासूबाईंचा डोळा लागला की पाय थांबत आणि मशीनही. मग नणंद उठून त्यांच्या तोंडावर गार पाणी मारायची. "आई, झोपू नकोस. कॉलरी राहिल्यात."

आज सकाळी मी त्यांच्या नाकाशी बोट धरलं. श्वास नव्हता. कपाळ गार पडलं होतं. चादरीखाली पाय मात्र चालूच होते, कालच्यापेक्षा जोरात.

"काय झालं?" मशीनवरून मान वर न करता नणंदेनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "शाळेला कळव, आणखी पाचशे घेतो. आता आई झोपायच्या नाहीत."