आषाढात मेलेली शेळी

२००८ च्या आषाढात शिरड शहापुरात शेळ्यांवर रोग आला. पहिली मेली ती चंद्रभागाबाईची शेळी. रोग हिनंच आणला म्हणून गावानं तिला आणि तिच्या नवऱ्याला, मसाजीला, पाणवठा बंद केला.

शेळीचं रक्त नेलेले गुरांचे डॉक्टर फाल्गुनात परत आले.

"विषाणू जनावरागणिक थोडा बदलतो. ते बदल वाचले की रोग कुठून कुठं गेला ते कळतं," ते म्हणाले. "तुमच्या शेळीला तो कळमनुरीच्या एका शेळीकडून आला."

"मंग गावानं आमाला काहून छळलं?" चंद्रभागाबाई कडाडली.

"पण कळमनुरीची शेळी आजारी पडली ती आत्ताच्या पौषात, दोन महिन्यांपूर्वी."

"माझी तर आषाढातच गेली! ह्या हातानं पुरली."

डॉक्टर चाचरले. "पौषात ती कळमनुरीला गेली होती का?"

"मेलेली शेळी? थट्टा करून राहिले का गरिबाची?" ती नवऱ्याकडे वळली. "तुमी तरी बोला की!"

मसाजीनं मान वर केली नाही.

"व्हय," तो म्हणाला. "कळमनुरीच्या बाजारात आपली शेळी दिसली. मी घराकडं निघालो, तर मागं मागं येऊन राहिली होती."