गव्यांच्या वाट्याचं शेत

"दवाखान्याला मंजुरी नाही," खोऱ्यात माणसं आणि रानजनावरं यांच्या जमिनीचा तोल राखणारं यंत्र ग्रामसभेत म्हणालं. "त्याला लागेल तेवढी जमीन आधी रानगव्यांना परत द्या."

कुणीच आपली जमीन देईना. सगुणा झोरे उठली. दवाखाना गाठायला डोंगर उतरताना तिची सून वाटेतच बाळंतपणात गेली होती.

"माझं नाचणीचं शेत घ्या."

"आये, आपण खायचं काय?" शेजारी बसलेला मुलगा कुजबुजला.

"मजुरी करू. पण आणखी कुणाची बायको वाटेत जायला नको."



दवाखान्याचा पाया खणला, त्याच आठवड्यात गवे शेतात उतरले. उभी नाचणी तुडवली जाताना पाहून बांधावर सगुणाला रडू कोसळलं. तेवढ्यात कळपामागून एक गाभण मादी जड पावलांनी आली आणि नाचणीत बसली.

सगुणाने डोळे पुसले.

"बस बाई, निवांत बस," ती म्हणाली. "इथं तुला कुणी उठवणार नाही."